आवाज बंद करून बघणारी आत्या

आत्या, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्या बाल्कनीचं दार उघडलेलं नाही. सकाळी दूधवाला खालून "दीदी, दूध!" अशी हाक मारतो तेव्हा मी पातेलं घेऊन दोन मजले उतरते. कठड्यावरून वाकून पाहत नाही. समोरच्या चहाच्या टपरीपाशी कोण उभं आहे ते मला बघायचं नाही. कोणी नसेलही. बहुतेक नसतंच. पण तू होतीस तोवर मला 'नसेल' एवढं पुरायचं. आता पुरत नाही.

भेटायला लोक येतात. शाळेत किती वर्षं चित्रकला शिकवलीस, लग्न न करता कशी ताठ राहिलीस, सगळं सांगतात. काल कॉलनीतल्या एक काकू म्हणाल्या, "कुणाच्या अध्यात ना मध्यात." मला त्या सुतकातही हसू आलं. तू माझ्या संसाराच्या अगदी मध्यात येऊन बसली होतीस. खरोखर, खुर्ची ओढून.

तुझे कान चाळिशीतच जायला लागले. नानाखेड्याला बसस्टँडजवळ हा फ्लॅट घेतलास तेव्हा बाबा चिडले होते. "ताई, दिवसभर हॉर्न, आणि कंडक्टर 'इंदौर, इंदौर' करून ओरडत असतात. राहशील कशी?" तू कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, "अशी."

यंत्रातून तुला सिनेमातलं बोलणं नीट कळायचं नाही, नुसती खरखर यायची. म्हणून तू आवाज बंद करून सिनेमे पाहायला लागलीस. मी आठवीत होते. दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी तुझ्याकडे यायची. आधी मला कंटाळा यायचा. मग तू एक दिवस मध्येच चित्र थांबवलंस, जुन्या ड्रॉइंगच्या वहीत एक चौकट काढलीस, चौकटीत माणसांच्या जागी तीन काड्या काढल्यास आणि विचारलंस, "सांग, ह्या खोलीत कोण कोणाला घाबरतं?"

मी म्हटलं, "बोलणं ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

"बोलणं ऐकलंस की मग तुला दिसणारच नाही," तू म्हणालीस. "नीट बघ. कोण बसलंय, कोण उभं आहे? दार कोणाच्या पाठीशी आहे? कोण काही बोलायच्या आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतं?"

मला मग तो नादच लागला. एखादा रुबाबदार जमीनदार नोकराशी बोलताना काठी ह्या हातातून त्या हातात घेतो, म्हणजे आतून घाबरलाय. सून सासूच्या खोलीत शिरताना उंबऱ्यावर थांबते, आणि तासाभराने त्याच उंबऱ्यावरून न थांबता आत जाते, म्हणजे मधल्या वेळात घर तिचं झालं. कोणी तसं म्हणत नाही. दिग्दर्शकाने फक्त तिचा पाय दाखवलेला असतो. टीव्हीवरच्या मालिकाही तू आवाज बंद करून पाहायचीस आणि खदखदून हसायचीस. "बघ गं मधू, ह्या सगळ्या फक्त कॅमेऱ्याला घाबरतात!"

एका सिनेमावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. जुना, काळा-पांढरा. नवरा घरात शब्दही वाया घालवत नाही आणि बायको त्याने मागायच्या आत छत्री हातात देते. पहिला अर्धा तास तिचा चेहरा आपल्याला धड दिसतच नाही, वाढणारे हात तेवढे चौकटीत येतात. मग तो आजारी पडतो, आणि एका सकाळी ती त्याच्या खोलीतली खिडकी उघडते. ऊन त्याच्या तोंडावर पडतं. तो डोळे बारीक करतो, पण काही म्हणत नाही.

"झालं!" तू म्हणायचीस. "खिडकी उघडताना तिने त्याच्याकडे पाहिलं का? नाही. इथे त्याची सत्ता संपली."

"पण तिचा हात बघ ना," मी म्हणायची. "पदराचं टोक चुरगळतेय ती. अजून घाबरलेलीच आहे."

"ती सवय आहे."

"भीती आहे, आत्या."

"घाबरलेलं माणूस खिडकी उघडत नाही गं."

हे तू अगदी ठामपणे म्हणायचीस. मला मात्र पटायचं नाही.

मग माझं समीरशी लग्न झालं. समीरचा आवाज सगळ्यांना आवडायचा. आई म्हणायची, किती मृदू बोलतो. बाबा म्हणायचे, "समीररावांचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही." मलाही आधी तो आवाजच आवडला होता. तो माणूस खरंच कधी ओरडला नाही. त्याने माझ्यावर हातही उचलला नाही. तो फक्त दारात उभा राहायचा. मी फोनवर बोलत असले की दारात, कपाट आवरत असले की दारात. बोलणं संपलं की हळूच विचारायचा, "काय म्हणत होती?" आणि मी सांगायची, आणि तो पुन्हा विचारायचा, आणि माझं दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा एका शब्दानेही वेगळं निघालं तर त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, कधीकधी आठवडाभर तो माझ्याशी बोलायचा नाही. कॉलेजच्या लायब्ररीतल्या नोकरीवरून घरी यायला मला दहा मिनिटं उशीर झाला तर पायरीवरच मी उशिराचं कारण दोनदा घोकून घ्यायची. सांगणार कोणाला, आणि काय? 'तो दारात उभा राहतो' हे ऐकून कोण घाबरणार होतं?

तुला त्याचा आवाज ऐकूच यायचा नाही. घराण्यात तू एकटी अशी होतीस, जिने त्याला फक्त पाहिलं.

मे महिन्यातला तो रविवार. तू आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतंस. श्रीखंड-पुरी केली होतीस. जेवण झाल्यावर मी ताटं घेऊन स्वयंपाकघरात आले, तू मागोमाग आलीस. आणि तुझ्या त्या मोठ्या आवाजात, जो मोठा आहे हे तुला कधी कळायचंच नाही, म्हणालीस, "मधू, तू घाबरतेस का गं त्याला? तुझं पाण्याचं भांडं त्याने आपल्या बाजूला ओढलं, आणि तू प्रत्येक घोटाला त्याच्या तोंडाकडे बघून भांडं घेत होतीस. तुझा फोन त्याच्या ताटापाशी उलटा ठेवलेला. हे काय चाललंय?"

बाहेरच्या खोलीत समीर होता. मध्ये पडदासुद्धा नव्हता. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. तुला वाटलं मी लाडात येऊन गंमत करतेय. मग तू माझे डोळे पाहिलेस आणि तुझा चेहरा उतरला.

घरी जायला आम्ही गाडीत बसलो. गाडी घराकडे वळलीच नाही. इंदूर रोडला लागली. समीर सावकाश, अगदी सावकाश चालवत होता, मागचे हॉर्न देत पुढे जात होते. गावाबाहेर शेतांच्या कडेला त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, काचा वर केल्या आणि दारं लॉक केली. भर दुपार. पाचच मिनिटांत सीट तापली. घाम डोळ्यांत जायला लागला.

"आत्यांना काय सांगितलंस?" तो हळूच म्हणाला.

"काही नाही."

"मी कुठे चिडलोय? मी फक्त विचारतोय."

हे तो किती वेळा म्हणाला, मी मोजलं नाही. मला श्वास पुरत नव्हता. बाहेर एक म्हातारा बकऱ्या घेऊन चालला होता, त्याने काचेतून आत पाहिलं. त्याला काय दिसलं असेल? एक नवरा, एक बायको, गाडीत बसून बोलतायत. समीरने त्याच्याकडे बघून मानसुद्धा हलवली, नमस्कार केल्यासारखी. शेवटी मी म्हटलं, "मी आत्याकडे जाणार नाही." तेव्हा त्याने काच खाली केली.

हे मी तुला कधीच सांगितलं नाही, आत्या. तुझ्या एका प्रश्नामुळे माझं काय झालं हे तुला कळलं असतं तर तू स्वतःला माफ केलं नसतंस. म्हणून आधी लपवलं, आणि मग लपवायची सवय झाली.

चौथ्या दिवशी लायब्ररीतून मधल्या सुट्टीत मी तुझ्याकडे आले. बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "आमच्याकडे येऊ नकोस, मला फोन करू नकोस. संसार म्हणजे तुझा सिनेमा नाही. तू लग्नच केलं नाहीस, तुला काय कळणार त्यातलं?"

तू कानामागे हात नेलास, यंत्राचं बटण फिरवलंस. "काय म्हणालीस? पुन्हा बोल."

आणि मी पुन्हा बोलले. मोठ्याने, सुटा सुटा शब्द. पहिल्यांदा ते भीतीने तोंडातून निघून गेलं होतं. दुसऱ्यांदा मी ते उच्चारलं. तू मान हलवलीस, "बरं," म्हणालीस, आणि मला पाणी आणायला आत गेलीस. तू परत यायच्या आत मी जिना उतरले होते.

पुढचे आठ महिने आपण बोललो नाही.

जानेवारीत चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं, फ्रीगंजमधल्या हॉलमध्ये. जेवणाची पंगत टेबल-खुर्च्यांवर. समीर माझ्या शेजारच्या खुर्चीवर आपलं जाकीट ठेवून ताट आणायला गेला होता. तू आलीस. जाकीट उचललंस, नीट घडी केलीस, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवलंस आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

समीर आला. वाकून, हसून, त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "आत्या, इथे मी बसलोय."

तू त्याच्याकडे पाहिलंस. मग कानातलं यंत्र काढलंस, पर्समध्ये टाकलंस, पर्सची चेन लावलीस आणि मसालेभाताचा घास घेतलास.

तो उभाच राहिला. हातात भरलेलं ताट, ठेवायला जागा नाही, आणि आजूबाजूला सगळे नातेवाईक. दोनदा तो काहीतरी बोलला. ज्याच्या बोलण्याने सगळे विरघळायचे, त्याचं बोलणं तुझ्यापाशी येऊन नुसतं पडत होतं. तो त्या दूरच्या खुर्चीवर जाऊन बसला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे न बघता पाणी प्यायले.

जेवण झाल्यावर तू सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "मधू, मला घरी सोड. रिक्षात एकटीला भीती वाटते."

भीती! तुला! देवासच्या बसमध्ये एका गुंडाला छत्रीने बदडलेली बाई तू. पण सगळ्यांसमोर समीर काय म्हणणार होता? "लवकर ये," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला. तू माझं मनगट धरलंस ते रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाहीस.

"किधर, माताजी?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नानाखेड़ा. जल्दी चलो भैया," तू म्हणालीस, आणि मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या खोलीत गादी घातली आहे. चादरी धुतलेल्या आहेत."

मी रडत होते, तरी मला दिसलं. तुझा दुसरा हात मांडीवर होता आणि तू पदराचं टोक चुरगळत होतीस. हॉलमध्ये जी बाई डोंगरासारखी बसून जेवली, तिची बोटं रिक्षात पदर सोडायला तयार नव्हती. आत्या, घाबरलेलं माणूस खिडकी उघडतं गं. इतक्या वर्षांचं भांडण मी त्या रिक्षात जिंकले होते. पण तेव्हा काही बोलले नाही, आणि नंतर वाटलं, तुझं गुपित आहे, असू दे. आता वाटतं, सांगायला हवं होतं. मी तुला निडर समजून तुझ्या आडोशाला राहिले. तू माझ्याएवढीच घाबरत होतीस हे मान्य केलं असतं, तर मीही कधीतरी तुझं मनगट धरलं असतं.

त्यानंतरचे दहा महिने तुला माहीतच आहेत. समीर टपरीपाशी येऊन उभा राहायचा. फक्त वर बघायचा. मी आतल्या खोलीत पलंग आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसायची. तू बाल्कनीत खुर्ची टाकायचीस, मांडीवर परात घ्यायचीस आणि लसूण सोलत त्याच्याकडे बघत बसायचीस. तो जाईपर्यंत. एकदा दोन तास बसलीस, एवढा लसूण झाला की शेजारी वाटावा लागला. कोर्टात अर्ज केला तेव्हा वकिलीणबाईंनी विचारलं, "मारहाणीचा काही पुरावा?" मी मान खाली घातली. तू पिशवीतून ड्रॉइंगची वही काढलीस, त्या रविवारचं जेवणाचं टेबल काढून दाखवलंस. इथे ही, इथे तो, इथे भांडं, इथे फोन. वकिलीणबाई बराच वेळ ते चित्र बघत होत्या. मग त्यांनी पेन उघडलं आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

आणि मग तो सोमवार. मी लायब्ररीत होते, शेजारणीचा फोन आला. स्ट्रोक. हॉस्पिटलमध्ये तू तीन दिवस डोळे मिटून होतीस. दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी तुझ्या कानाशी वाकले आणि म्हटलं, मी त्या दिवशी जे बोलले ते खोटं होतं, तुलाच सगळ्यांत जास्त कळत होतं, मला माफ कर. बरंच काही म्हटलं. मागून नर्स हळूच म्हणाली, "मैडम, कान की मशीन तो उतार दी है. वो आपके पापा के पास है."

लागेल असं बोलले ते तुला दोनदा ऐकवलं. माफी एकदाही ऐकवता आली नाही. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

परवा दहावा होता. लग्न न झालेल्या बहिणीचं सगळं बाबांनी केलं, रामघाटावर, गुडघ्याने अधू असूनही. ते ओल्या धोतराने पायरीवर बसले होते, मी त्यांच्यापुढे एक पायरी खाली, माझ्या मागे पाणी. आणि समीर आला. पांढरा झब्बा, हात जोडलेले. वर जाणाऱ्या पायरीवर, बरोबर आमच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. तुझ्या वहीत काढण्यासारखी चौकट होती. मला दिसत होतं की मला घाटावरून वर जायचं तर त्याच्या बाजूनेच जावं लागणार.

"बाबा," तो म्हणाला, "आत्या गेल्या, फार वाईट झालं. पण आता मधुराने तिकडे एकटीने बसस्टँडपाशी राहणं बरं नाही. मी हिला घेऊन जातो. झालं गेलं विसरून जाऊ."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबांना तू खूप सांगितलं होतंस, मला माहीत आहे. पण त्यांना ते ताईचं खूळ वाटायचं. मी स्वतः त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. आता ते हो म्हणतील अशी मला खात्री होती. कानात त्या बंद गाडीतलं 'मी फक्त विचारतोय' घुमायला लागलं.

मी म्हटलं, "बाबा, गेल्या वर्षी मे महिन्यात ह्याने मला गाडीत कोंडलं होतं."

"कुठल्या गाडीत?" समीर हसून म्हणाला. "मधू, काय बोलतेस तू? लोक बघतायत."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्या श्रीखंड-पुरीपासून सांगायला लागले. अर्धे शब्द गिळले जात होते. मध्येच त्याचं "बाबा, एक मिनिट" ऐकू आलं, पुन्हा एकदा आलं. बाबा माझ्याकडे वळून बसले होते, त्यांची पाठ त्याच्याकडे झाली होती. नजरेच्या कडेने मला त्याचे हात दिसत होते. तो घड्याळाचा पट्टा सोडत होता, लावत होता, सोडत होता. मग ते हात तिथे दिसेनासे झाले.

मला वाटलं होतं, तो गेला की मला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तो कोणत्या पायरीवर थांबला असेल, घाटाच्या वरच उभा असेल का, हेच डोक्यात होतं. गुरुवारी कोर्टाची तारीख आहे, तिथे तो समोर असेल आणि बाल्कनीत तू नसशील. हे सगळं डोक्यात घेऊन मी बोलत होते. दारात उभं राहणं, फोन, आठवडाभराचा अबोला, टपरी. बाबांनी एकदाही मध्ये 'पण' म्हटलं नाही.

पंडितजींनी दोनदा खाकरून पाहिलं. मग म्हणाले, "बाबूजी, संकल्प बाकी है. देर हो रही है."

बाबांनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला. "रुकिए, पंडितजी," ते म्हणाले. "अभी मेरी बेटी बोल रही है."